डॉक्टर, जे पाहिले ते लिहा

आपल्याकडे घरातला मुलगा किंवा मुलगी डॉक्टर झाली, की नातेवाइकांचे प्रश्न ठरलेले असतात. एम.डी. कशात करणार? दवाखाना कुठे टाकणार, सांगलीत की साताऱ्यात? जागा बघितली का? नर्सिंग होम काढायचे तर जोडीदारही डॉक्टरच बघायला हवा, नाही का? या प्रश्नांत गैर काही नाही. उसाच्या बिलावर आणि बँकेच्या कर्जावर शिक्षण झालेले असते, आईबापांना काळजी असणारच. पण इतक्या वर्षांत एकाही काकाने, मामाने किंवा आजीने असे विचारलेले माझ्या कानावर आलेले नाही, की 'काय रे, तीन वर्षे वॉर्डात काढलीस. तुला नवे काय दिसले? आणि ते तू कुठे लिहून ठेवलेस?'

मी पेशाने फिजिशियन. मूळ गाव सातारा जिल्ह्यातले. नोकरी आणि शिकवणे झाले ते सांगली-मिरजेच्या परिसरात. मिरजेचे नाव महाराष्ट्रात दोन गोष्टींसाठी घेतले जाते, सतारीसाठी आणि दवाखान्यांसाठी. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली येथे मिशन हॉस्पिटल उभारले आणि तीनच वर्षांत, १८९७ साली, वैद्यकीय शाळाही सुरू केली. १९६२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. इकडे कराडला १९८४ मध्ये कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय निघाले, पुढे सांगलीत भारती विद्यापीठाचे आले आणि अलीकडे साताऱ्यातही शासकीय महाविद्यालय सुरू झाले. म्हणजे कृष्णाकाठच्या या दोन जिल्ह्यांत डॉक्टर घडवण्याची परंपरा सव्वाशे वर्षांची आहे. या सव्वाशे वर्षांत किती रुग्ण पाहिले गेले असतील याची गणतीच नाही. मात्र त्या पाहण्यातून जगाला कळेल असे आपण लिहिले किती, हा प्रश्न मला निवृत्तीनंतर अधिक छळू लागला आहे.

वाचकांपैकी अनेकांना निवासी डॉक्टर म्हणजे काय हे माहीत असेलच. सरकारी किंवा मोठ्या रुग्णालयात रात्री दोन वाजता जो तरुण डोळे चोळत येतो, नाडी बघतो, सलाइन लावतो आणि 'काळजी करू नका' म्हणतो, तो बहुधा निवासी डॉक्टर असतो. एम.बी.बी.एस. झाल्यावर तो तीन वर्षांचे एम.डी. किंवा एम.एस. करीत असतो. या तीन वर्षांत त्याला एका विषयावर प्रबंध लिहावा लागतो. विषय ठरतो, नीतिमत्ता समितीची परवानगी मिळते, मग वर्ष-दीड वर्ष रुग्णांची माहिती जमवली जाते. शंभर-सव्वाशे रुग्ण, प्रत्येकाच्या तपासण्या, तक्ते, आलेख. शेवटी रेक्झिनच्या बांधणीत, सोनेरी अक्षरांत नाव छापलेला जाडजूड प्रबंध तयार होतो. एक प्रत विद्यापीठाला, एक मार्गदर्शकांना, एक ग्रंथालयाला. परीक्षा होते, पेढे वाटले जातात आणि तो प्रबंध काचेच्या कपाटात जाऊन बसतो.

एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयातली ही कपाटे मी अनेकदा उघडून पाहिली आहेत. त्यांतले सगळेच प्रबंध मोलाचे नाहीत. काही तर आधीच्या प्रबंधांवरून बेतलेले. पण अधूनमधून एखादा असा हाती येतो की वाचताना खुर्चीत सरळ होऊन बसावे लागते. याच मातीतले रुग्ण, इथलाच आजार आणि कुठल्याही पाठ्यपुस्तकात नसलेली माहिती. ती पाच जणांनी वाचलेली असते : विद्यार्थी, मार्गदर्शक, परीक्षक, टंकलेखक आणि मी.

ही केवळ आपल्या भागाची कथा नाही. दिल्लीचे ज्येष्ठ शल्यविशारद डॉ. समीरन नंदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. २००५ ते २०१४ या दहा वर्षांत भारतातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांमधून किती शोधनिबंध निघाले, हे त्यांनी एका मोठ्या आंतरराष्ट्रीय सूचीवरून मोजले. त्यांपैकी ३३२ संस्थांच्या, म्हणजे निम्म्याहून अधिक संस्थांच्या नावावर दहा वर्षांत एकही निबंध नव्हता. देशातले चाळीस टक्के निबंध अवघ्या २५ संस्थांनी दिले होते. रुग्णांनी ओसंडून वाहणारे वॉर्ड असलेल्या देशाचे हे चित्र आहे.

यावर कुणी म्हणेल, छापले नाही म्हणून बिघडले कुठे? डॉक्टरचे काम रुग्ण बरा करण्याचे, निबंध लिहिण्याचे नव्हे. हा आक्षेप मी माझ्या सहकाऱ्यांच्या तोंडूनही ऐकला आहे आणि तो मनापासून घेतलेला असतो. त्याला उत्तर म्हणून मी नेहमी महाडच्या विंचवाची हकिगत सांगतो.

जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे, गरीब शेतकरी कुटुंबातले हिंमतराव बावस्कर नागपूरला डॉक्टर झाले आणि १९७६ च्या सुमारास रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचू फार. विंचू चावलेली धडधाकट माणसे आणि लहान मुले घामाने डबडबत, हातपाय थंड पडत, तोंडातून फेस येत दगावत. वास्तविक विंचूदंशानंतर फुफ्फुसात पाणी होते, हे डॉ. मुंडले यांनी १९६१ सालीच 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये नोंदवले होते. पण ते का होते आणि त्यावर काय करावे, हे कुणी सांगत नव्हते. डॉ. बावस्करांनी एकच केले. ते रुग्णाच्या उशाशी बसून राहिले आणि तासातासाला काय होते ते लिहीत गेले. घाम कधी सुटला, रक्तदाब कधी चढला, हृदयाची गती कशी बदलली, श्वास कधी लागला. या नोंदींतून तयार झालेला त्यांचा निबंध १९८२ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध इंग्रजी नियतकालिकात आला. पुढे पुण्याच्या बी. जे. मेडिकलमधून एम.डी. होऊन ते पुन्हा महाडलाच गेले.

विंचवाच्या विषाने शरीरात अ‍ॅड्रिनलिनसारख्या रसायनांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदय थकून जाते, असे त्यांच्या लक्षात आले. मग आवळलेल्या वाहिन्या सैल करणारे औषध का देऊ नये? प्राझोसिन नावाची रक्तदाबाची एक साधी गोळी बाजारात होतीच. ती त्यांनी वापरली आणि १९८६ साली तिचे परिणाम 'लॅन्सेट'मध्ये मांडले. ज्या गंभीर विंचूदंशात पूर्वी शंभरातले तीस-चाळीस रुग्ण जात, तिथे मृत्यूचे प्रमाण एक-दोन टक्क्यांवर आले. डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह त्यांनी सत्तर रुग्णांवर केलेला आणखी एक अभ्यास २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने छापला. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता विचार करा, डॉ. बावस्करांनी ते लिहिले नसते तर काय झाले असते? महाड तालुक्यातले रुग्ण वाचले असते, यात शंका नाही. पण माण-खटावच्या माळावर, जत-आटपाडीच्या दगडधोंड्यांत ज्याला विंचू चावला, त्याच्या डॉक्टरला प्राझोसिनचे नाव कुणी सांगितले असते? एक डॉक्टर आयुष्यभरात पाहून पाहून काही हजार रुग्ण पाहील. त्याने लिहिलेली दोन पाने त्याने कधीही न पाहिलेल्या लाखोंपर्यंत जातात. रुग्ण बरा करणे आणि लिहिणे ही दोन वेगळी कामे नाहीत, असे मी म्हणतो ते यासाठी.

आणि लिहायचे म्हणजे मोठा ग्रंथच लिहायचा असेही नाही. १९६१ च्या डिसेंबरमध्ये सिडनीच्या डॉ. विल्यम मॅकब्राइड या प्रसूतितज्ज्ञाचे एक पत्र 'लॅन्सेट'मध्ये आले. मोजून काही ओळींचे. गरोदरपणात थॅलिडोमाइड नावाचे औषध घेतलेल्या स्त्रियांच्या बाळांमध्ये हातापायांची गंभीर व्यंगे दिसत आहेत, इतर कुणाला असे दिसले आहे काय, एवढेच त्यांनी विचारले होते. जर्मनीत डॉ. विडुकिंड लेन्झ यांनाही त्याच सुमारास तेच दिसले होते. जगभरात दहा हजारांहून अधिक बाळे या औषधाने व्यंग घेऊन जन्माला आली. ती साखळी तुटली ती काही डॉक्टरांनी 'मला हे दिसले' असे वेळेवर जाहीरपणे म्हटल्यामुळे. 'बॉम्बे ब्लड ग्रुप' हा दुर्मीळ रक्तगट जगाला कळला तोही मुंबईच्या डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९५२ सालच्या दोनेक पानी निबंधामुळे. आज त्या गटाचा रक्तदाता शोधण्यासाठी राज्याराज्यांतून फोन फिरतात, त्यामागे ती दोन पाने आहेत.

आता आपल्याच दोन जिल्ह्यांकडे बघू. नागपंचमीमुळे ज्याचे नाव देशभर झाले ते बत्तीस शिराळे आपल्याकडे. वाळवा-कराडचा ऊस आपल्याकडे आणि उसाच्या फडात घोणस आहे. रात्री जमिनीवर झोपलेल्याला मण्यार चावते तेव्हा अनेकदा दंश कळतही नाही. पहाटे पोटात दुखते, घसा धरतो, पापण्या जड होतात आणि मग श्वास अडकतो. माझ्याकडे शिकणाऱ्या एका निवासी डॉक्टरने हे नेमके टिपले होते. पहाटे पोटदुखी घेऊन येणाऱ्या, पापण्या उचलता न येणाऱ्या रुग्णाला तो पहिला प्रश्न विचारायचा, 'रात्री कुठं झोपला होतासा? खाटेवर का भुईवर?' या एका प्रश्नाने तो निदानाच्या जवळ जायचा. त्याने वहीत पाच पाने लिहिलीही होती. पुढे त्याला सुपरस्पेशालिटीला प्रवेश मिळाला, तो मोठ्या शहरात गेला. ती वही कुठे गेली, त्यालाही आठवत नाही. त्याच्यामागून आलेल्या मुलांना तो प्रश्न पुन्हा पहिल्यापासून शोधावा लागला आणि तो सापडेपर्यंतचा वेळ रुग्णाच्या श्वासातून गेला.

सर्पदंशाने भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारे बारा लाख माणसे मरण पावली, असा अंदाज २०२० साली एका अभ्यासाने मांडला. म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. हे संशोधकांना घरोघरी जाऊन, मृत्यू कसा झाला हे नातेवाइकांना विचारून काढावे लागले, कारण सरकारी दप्तरात त्याचा लहानसा भागच नोंदलेला होता. जे लिहिले जात नाही ते मोजले जात नाही. आणि मोजलेच नाही तर तालुक्याच्या रुग्णालयात प्रतिविषाच्या किती कुप्या ठेवायच्या, हे कोण कशावरून ठरवणार?

प्रश्नांची आपल्याकडे वाण नाही. तासगाव-कवठेमहांकाळच्या द्राक्षबागांत वर्षातून कितीतरी फवारण्या होतात. फवारणाऱ्या माणसाच्या अंगावर त्याचा दहा-वीस वर्षांत काय परिणाम होतो? २००५ आणि २०१९ च्या महापुरानंतर सांगलीत पाणी उतरल्यावर कोणते ताप आले? ऊसतोडणीला आलेल्या बाईचे रक्त किती असते आणि सहा महिन्यांच्या हंगामानंतर किती उरते? पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरजवळच्या गुहेतली वटवाघळे तपासली आणि त्यांच्यात निपाह विषाणूविरुद्धची प्रतिद्रव्ये सापडल्याचे २०२१ साली जाहीर केले. तोवर महाराष्ट्रात निपाहचा रुग्ण आढळलेला नव्हता. घाबरून जाण्याचे कारण नाही. पण आपल्या उशाशी काय आहे हे कुणीतरी जाऊन पाहिले आणि लिहिले, म्हणून उद्या गरज पडली तर डॉक्टर सावध असतील.

मग आमची मुले लिहीत का नाहीत? आळशी आहेत असे म्हणणे हा शुद्ध अन्याय होईल. सलग छत्तीस तास ड्युटी केलेल्या मुलाला 'निबंध लिही' म्हणणे म्हणजे नांगरून आलेल्या बैलाला शर्यतीत पळ म्हणण्यासारखे आहे. पहिली अडचण वेळेची. दुसरी इंग्रजीची. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने डोंगरदऱ्यांतल्या घराघरांत शाळा नेली. त्यातून शिकलेल्या घरांतली मुले-मुली आज डॉक्टर होत आहेत, याचा मला केवढा अभिमान वाटतो! पण मराठी शाळेतून आलेल्या या हुशार मुलांच्या मनात 'मला इंग्रजीत लिहिता येणार नाही' ही भीती घट्ट बसलेली असते. खरे तर शास्त्रीय निबंधाला अलंकारिक इंग्रजी लागतच नाही. काय पाहिले, कसे पाहिले, किती जणांत पाहिले आणि त्याचा अर्थ काय, एवढ्या चार प्रश्नांची सरळ उत्तरे लागतात. ती मराठीत नीट सांगता येत असतील तर इंग्रजीत आणायला वर्गातला मित्रसुद्धा पुरतो.

तिसरी अडचण बोलायला अवघड आहे, पण बोललेच पाहिजे. आम्ही ज्येष्ठ मंडळी. विद्यार्थ्याने वर्षभर राबायचे आणि निबंधावर पहिले नाव भलत्याचेच यायचे, असे अनेक ठिकाणी घडते. ज्याने एकही रुग्ण तपासलेला नाही, एकही तक्ता पाहिलेला नाही, त्याचे नाव केवळ खुर्चीमुळे लागते. एकदा असा अनुभव आला की तो मुलगा पुन्हा लेखणी उचलत नाही. लेखकाचे नाव म्हणजे काही लग्नपत्रिकेतल्या 'आपले नम्र' या यादीतले नाव नव्हे. ज्याने काम केले आणि जो त्या कामातल्या चुकीचीही जबाबदारी घेईल, त्याचेच नाव निबंधावर असावे, हा जगभरचा नियम आहे.

सरकारने सक्ती करून पाहिली. भारतीय वैद्यक परिषदेने २००९ साली अट घातली, की पदव्युत्तर विद्यार्थ्याने परीक्षेला बसण्यापूर्वी परिषदेत एक भित्तिपत्रक मांडावे, एक निबंध वाचावा आणि एक निबंध प्रसिद्धीसाठी पाठवावा. हेतू उत्तम. शिक्षकांच्या बढतीलाही छापील निबंध लागू लागले. पण मागणी आली की दुकान निघतेच. पैसे भरा आणि आठ दिवसांत निबंध छापून घ्या, असा व्यवहार करणारी नियतकालिके उगवली. नावे भारदस्त, पत्ते परदेशी आणि निबंध तपासणारा कुणीच नाही. काही महाभाग तर निबंधच लिहून देतात, आपण फक्त नाव द्यायचे. पुढे सक्ती शिथिल झाली, दुकाने मात्र बंद झाली नाहीत.

अशा छपाईपेक्षा न छापणे बरे, हे मी स्पष्टपणे सांगू इच्छितो. खोट्या आकड्यावर विश्वास ठेवून कुठेतरी कुणीतरी डॉक्टर औषधाची मात्रा ठरवणार असतो. मघाशी ज्यांचा उल्लेख केला ते डॉ. मॅकब्राइड पुढे जगप्रसिद्ध झाले. आणि त्याच मॅकब्राइड यांनी नंतर दुसऱ्या एका औषधाला दोषी ठरवण्यासाठी प्राण्यांवरच्या प्रयोगाचे आकडे बदलले. ते उघडकीला आले आणि १९९३ साली त्यांचे नाव डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढून टाकण्यात आले. एका सच्च्या पत्राने ज्यांना उंचीवर नेले, त्यांनाच खोट्या आकड्यांनी खाली आणले. आमच्या प्रत्येक निवासी डॉक्टरला ही दोन्ही प्रकरणे एकाच तासाला शिकवावीत, असे मला वाटते.

चांगल्या वाटाही आहेत आणि त्या महाराष्ट्रातच पाडल्या गेल्या आहेत. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातल्या अध्यापकांनी १९५५ साली 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' हे नियतकालिक सुरू केले. नावातच पदव्युत्तर विद्यार्थी आहे. ते आजही निघते आणि जगभर वाचले जाते. महापालिकेच्या एका महाविद्यालयाने हे करून दाखवले, हे ध्यानात घ्यावे. आपल्या कराडच्या कृष्णा संस्थेचेही स्वतःचे शोधपत्र २०१२ पासून निघू लागले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची एम.बी.बी.एस.च्या विद्यार्थ्यांसाठी दोन महिन्यांच्या छोट्या संशोधनाची शिष्यवृत्ती १९७९ पासून आहे. अजून डॉक्टरही न झालेल्या मुलाने एक प्रश्न घ्यायचा, शिक्षकाच्या हाताखाली दोन महिने काम करायचे आणि अहवाल द्यायचा. याच परिषदेच्या चेन्नईच्या संस्थेचा संशोधनपद्धतीचा अभ्यासक्रम घरबसल्या संगणकावर करता येतो.

प्रश्न कसा विचारावा हे शिकायचे असेल तर गडचिरोलीकडे पाहावे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतल्या सुमारे साडेसहाशे स्त्रियांची तपासणी केली. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला, तर पूर्वी कधी तपासणी झालेल्या अवघ्या आठ टक्के. हा निबंध १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला आणि खेड्यातल्या बाईचे दुखणे म्हणजे फक्त बाळंतपण, ही समजूत मोडली. पुढे त्यांनी ३९ गावांतल्या स्त्रियांना नवजात बाळाची घरीच काळजी घ्यायला शिकवले. नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. हे १९९९ साली छापून आले आणि २०११ पासून देशभरच्या आशा कार्यकर्त्या त्याच धर्तीवर बाळांना भेटायला घरोघरी जाऊ लागल्या. यातले काम गडचिरोलीच्या खेड्यांत झाले, पण लिहून सिद्ध केले नसते तर ते एका जिल्ह्यातले सत्कार्य म्हणूनच राहिले असते.

मग आपण काय करावे? मला सुचते ते साधेच आहे. प्रत्येक विभागाने आठवड्यातून एक दुपार निवासी डॉक्टरला वाचण्या-लिहिण्यासाठी मोकळी द्यावी आणि ती दुपार खरोखर मोकळी ठेवावी. पहिल्या वर्षी एका रुग्णाची हकिगत लिहायची, दुसऱ्या वर्षी संपादकाला एक पत्र, तिसऱ्या वर्षी प्रबंधातून एक निबंध. पोहायला शिकवताना आपण मुलाला एकदम कृष्णेच्या डोहात सोडत नाही, आधी कडेला पाय मारायला लावतो, तसेच हे. निष्कर्ष उलटा आला, औषधाचा उपयोग झाला नाही असे दिसले, तरी ते छापायची हिंमत मार्गदर्शकाने द्यावी. मिरज, सांगली, कराड आणि साताऱ्याच्या महाविद्यालयांनी वर्षातून एकदा एकत्र बसावे आणि आपापल्या प्रबंधांतले उत्तम पाच-दहा एकमेकांपुढे मांडावेत. चौघांच्या वॉर्डांतला एकच आजार एकत्र मोजला, तर जो आकडा एकट्याला लहान वाटतो तो बोलका होतो. खासगी दवाखाना चालवणाऱ्या तालुक्यातल्या डॉक्टरांनाही या बैठकीला बोलवावे. बिरवाडी हे काही विद्यापीठ नव्हते.

वाचकांचाही यात वाटा आहे. रुग्णालयात एखादा तरुण डॉक्टर तुम्हाला म्हणेल, 'तुमच्या आजाराची माहिती अभ्यासासाठी घेऊ का? नाव कुठेही येणार नाही.' तेव्हा 'आमच्यावर प्रयोग करता काय?' म्हणून अंगावर जाऊ नका. त्याला नीट विचारा, काय घेणार, कशासाठी घेणार. समजावून सांगणे त्याचे कर्तव्य आहे आणि नाही म्हणण्याचा हक्क तुमचा आहे. तुम्ही नाही म्हणालात म्हणून उपचारात काडीचा फरक पडता कामा नये. पण पटले तर होय म्हणा. तुम्ही दिलेल्या त्या दहा मिनिटांचा उपयोग तुम्हाला होईलच असे नाही. मात्र डॉ. बावस्करांच्या वहीत ज्यांच्या नाडीची नोंद झाली, त्या कोकणातल्या अनाम माणसांनी पुढच्या पिढीतल्या किती मुलांना वाचवले, याचा हिशेब कोण मांडणार?

या वर्षीही परीक्षेच्या आधी प्रबंधांच्या नव्या प्रती बांधून येतील. त्यांत शिराळ्याच्या सर्पदंशावर एखादा असेल, जतच्या मूतखड्यावर एखादा, पाटणच्या खोऱ्यातल्या बाळंतिणींवर एखादा. मार्गदर्शकांना माझी विनंती आहे, की सही करण्यापूर्वी विद्यार्थ्याला समोर बसवून विचारा, यातले दुसऱ्या गावच्या डॉक्टरला उपयोगी पडेल असे काय आहे? त्याने जे उत्तर दिले ते दोन पानांत लिहून घ्या आणि तो गाव सोडून जाण्याआधी ती दोन पाने एखाद्या चांगल्या नियतकालिकाकडे रवाना करा. परत आली तर दुरुस्त करून पुन्हा पाठवा. पुढच्या पावसाळ्यात भुईवर झोपलेल्या कुणाला तरी पहाटे पोटात दुखायला लागेल, तेव्हा ड्युटीवर नवाच मुलगा असेल.